गोदीशिवायचं आरमार

दर वर्षी पाच जूनला, पर्यावरण दिनाला, मराठी व्हॉट्सअ‍ॅपवर एक उतारा हमखास फिरतो. आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावू नका, रयतेनं ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. वर शिवाजी महाराजांचं चित्र, खाली 'तीनशे वर्षांपूर्वीचा पर्यावरणवाद' अशी ओळ. तुमच्याही फोनमध्ये तो कधी ना कधी येऊन गेला असेल.

हा उतारा खरा आहे. फक्त तो महाराजांच्या पत्रातला नाही. तो 'आज्ञापत्र' या ग्रंथातला आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी साधारण १७१५च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर पस्तीसेक वर्षांनी तो लिहिला. धोरण महाराजांच्या काळापासून चालत आलेलं असेल, लेखणी मात्र अमात्यांची. अर्थात माझी तक्रार नावाच्या गफलतीबद्दल नाही. तक्रार अशी की हा उतारा कशाबद्दल आहे, हेच फॉरवर्ड करताना कापून टाकलं जातं.

तो आरमाराच्या प्रकरणातला आहे. त्याची सुरुवात झाडांवरच्या प्रेमानं होत नाही, जहाजाला काय काय लाकूड लागतं यानं होते. फळ्या लागतात, सोट लागतात, डोलकाठ्या लागतात. त्यासाठी राज्यातल्या रानातला साग वापरावा, तोही वरिष्ठांना लिहून, परवानगी घेऊन. त्यानं भागलं नाही तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसही जहाजाच्या कामाचे, पण ते तोडू नयेत, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत. एखादं झाड अगदीच जुनं होऊन निकामी झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे मोजून, त्याच्या खुशीनं तोडावं. म्हणजे हा उतारा मुळात लाकूडखरेदीचा नियम आहे. आजच्या भाषेत, गोदीची मटेरियल पॉलिसी.

हे कळल्यावर उतारा लहान होतो का? माझ्या मते मोठा होतो. झाडाला हात लावू नका असं सांगणं सोपं असतं. ज्याला उद्या सकाळी पाच जहाजांची डागडुजी करायची आहे, ज्याच्या दारासमोर फणसाचा सरळ बुंधा उभा आहे, त्याला थांबवणं अवघड. अमात्यांचं वाक्य त्या अवघड जागी उभं आहे. आपण तिथून उचलून त्याला सुविचारांच्या फळ्यावर नेऊन लावलं. गोदी गेली, सुविचार उरला.

मराठीत आरमाराची आठवण ज्या पद्धतीनं जपली जाते, तिचा हा नमुना आहे. आपल्याकडे सेनापती आहेत, किल्ले आहेत, विजय आहेत. जहाज बांधणारा सुतार, फळ्यांच्या फटीत कापूस ठासून भरणारा कारागीर, लाकूड मोजणारा कारकून आणि ही सगळी मंडळी जिथं राबली ती जागा, हे मात्र त्या आठवणीत नाही. या लेखात मी काही गोष्टी त्याच अंगानं वाचून पाहणार आहे: एक गोदी, काही जहाजं, एका पुस्तकाचं शीर्षक आणि एक मोटरसायकल.

नगरहून समुद्राकडे

मी नगरला राहतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, समुद्र मात्र आला तेवढाच लांब आहे. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला की तो टँकरचा किंवा मुळा-भंडारदऱ्याच्या आवर्तनांचा असतो. नगरच्या माणसानं जहाजांवर लिहावं, हे त्यामुळे जरा विचित्र वाटेल.

पण निजामशाहीचा इतिहास नीट वाचला तर वाटू नये. १४९०मध्ये सुरू झालेल्या या राज्याचं मोठं बंदर चौल. जंजिराही एके काळी याच दरबाराच्या ताब्यातला. मार्च १५०८मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तचे मामलुक आणि गुजरातचा मलिक अयाझ यांच्या आरमारांनी पोर्तुगीजांना हरवलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्या लढाईत मारला गेला. हिंदी महासागरातली ही मोठी घटना निजामशाहीच्या बंदरासमोर घडली, आणि त्यात लढणारी जहाजं मात्र निजामशाहीची नव्हती.

पुढं १५७० ते ७१ या काळात मूर्तझा निजामशहानं मोठं सैन्य घेऊन पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या चौलला वेढा घातला. कित्येक महिने वेढा चालला. जमिनीच्या बाजूनं दाब प्रचंड होता. पण समुद्राची बाजू उघडी होती. पोर्तुगीजांना गोव्याहून कुमक आणि रसद जहाजांनी येत राहिली. चौल पडलं नाही, शेवटी तह करावा लागला.

नगरच्या किल्ल्याची भुईकोट म्हणून तारीफ होते, ती रास्तच आहे. चौलच्या वेढ्याची गोष्ट मात्र इथं फारशी सांगितली जात नाही. मला ती महत्त्वाची वाटते, कारण ती एक साधा फरक शिकवते. बंदर असणं म्हणजे आरमार असणं नव्हे. बंदरातून जकात मिळते, घोडे येतात, व्यापार होतो. आरमारासाठी गोदी लागते, आणि गोदीसाठी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणारे हात लागतात.

विजयदुर्ग: किल्ला सगळ्यांचा, गोदी कुणाची?

हा फरक मराठी राज्यात ज्यांनी ओळखला, त्यांनी सुरुवात बांधकामापासूनच केली. १६५७मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तिथं जहाजं बांधायला घेतली. त्या कामावर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याची माणसं होती. ही जहाजं उद्या आपल्याच विरुद्ध उभी राहतील हे वसईच्या पोर्तुगीजांच्या लक्षात आलं. त्यांनी आपल्या माणसांना तिथून निघून यायला लावलं. १६५९च्या सुमारास कारागीर काम सोडून गेले, आणि तरीही जहाजं बांधली जात राहिली.

आपल्या लोकप्रिय लेखनात हा प्रसंग बहुतेक वेळा दोन ओळींत संपतो. मला तो एखाद्या लढाईइतका मोठा वाटतो. मुख्य कारागीर एका रात्रीत निघून गेल्यावर मागं राहिलेल्या कोळी, भंडारी, सुतार मंडळींनी अर्धवट उभ्या सांगाड्याकडे बघून काय ठरवलं असेल? त्यांना किती येत होतं, किती बघून बघून शिकून झालं होतं? आरमाराची खरी कसोटी तिथं लागली. तिथं तलवार नव्हती, म्हणून तो प्रसंग पोवाड्यात आला नाही.

विजयदुर्गाचं तसंच. किल्ल्यावर माणसं जातात, तिहेरी तटबंदी बघतात, समुद्राच्या पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट ऐकतात. ती गोष्ट यूट्यूबवर चांगली चालते, कारण तिच्यात रहस्य आहे. किल्ल्यापासून वाघोटन खाडीत साधारण तीन किलोमीटर आत गेलं की खडक खोदून केलेली आरमारी गोदी लागते. लांबी सुमारे १०९ मीटर, रुंदी सुमारे ७० मीटर, तोंड उत्तरेला. इथं मराठी आरमाराची जहाजं बांधली जात, दुरुस्त होत. आज तिचा बराच भाग गाळानं भरलेला आहे.

ही गोदी वाचायला शिकलं पाहिजे. अशा जागेचं काम भरती-ओहोटीवर चालतं. भरतीच्या पाण्यानं जहाज आत येतं, ओहोटीला पाणी उतरतं, बूड उघडं पडतं. मग त्यावरचं शेवाळ आणि शंख-शिंपले खरवडायचे, किड्यानं पोखरलेली फळी काढून नवी बसवायची, फटींत कापूस ठासून राळ-तेल भरायचं. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे जीव फार. जहाज नुसतं उभं ठेवलं तरी ते झिजत असतं. त्यामुळे लाकडी जहाज एकदा बांधून होत नाही, ते दर वर्षी थोडं थोडं पुन्हा बांधावं लागतं. आज्ञापत्रात पावसाळ्याआधी आरमार कुठल्या बंदरात नेऊन ठेवावं, त्याचा त्रास गावकऱ्यांना होऊ नये म्हणून छावणीची जागा कशी बदलत राहावी, याच्याही सूचना आहेत. ज्यानं हे लिहिलं, त्याला आरमार म्हणजे नुसती लढाई नाही, वर्षभराची देखभाल आहे, हे पक्कं ठाऊक होतं.

फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रज आरमारानं विजयदुर्गावर हल्ला केला. वॉटसन समुद्रावर, क्लाइव्ह जमिनीवर, आणि तुळाजी आंग्र्यांच्या विरोधात पेशव्यांचं सैन्य इंग्रजांच्या बाजूला. बंदरात एकमेकांना खेटून बांधलेल्या जहाजांना आग लागली आणि आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करायला हवी होती का, हा वाद आपण अजून घालतो आणि तो घालायलाच हवा. पण त्या वादात सगळी माणसं सरदार असतात. जळालं ते कुणाच्या तरी हातांचं वर्षानुवर्षांचं काम होतं, हे वादात येत नाही. पुढं त्याच विजयदुर्गावर धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचं आरमार उभं राहिलं, १७८३मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' हे जहाज पकडलं. जळालेल्या बंदरात पुन्हा आरमार कसं उभं राहतं? गोदी आणि हात शिल्लक असले तरच.

अभ्यासकांनी हा धागा सोडलेला नाही, हे सांगायला हवं. भा. कृ. आपटे यांचं मराठी आरमार आणि व्यापारी जहाजांवरचं इंग्रजी पुस्तक १९७३ सालचं. गजानन मेहेंदळे आणि संतोष शिंत्रे यांचं 'शिवछत्रपतींचे आरमार' कागदपत्रांचा हात न सोडता लिहिलेलं. अडचण त्यांच्या पुढं सुरू होते. त्यांच्या पानांवरून कादंबरीत, रीलमध्ये, शाळेच्या नाटकात जे उतरतं, ते फक्त सेनापतीचं वाक्य असतं.

मुंबई: नावं सापडतात तेव्हा

कारागिराचं नाव टिकलं तर काय होतं, याचं उदाहरण मुंबईत आहे. १७३०च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीनं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराला मुंबईत आणलं. १७५०मध्ये इथं दगडी सुकी गोदी तयार झाली. पुढं १८१०मध्ये डंकन डॉक पूर्ण झाला. वाडिया घराण्याच्या अनेक पिढ्यांनी या गोदीत मास्टर बिल्डर म्हणून काम केलं. कंपनीनं सन्मान म्हणून त्यांना चांदीची मोजपट्टीही दिली. सरदाराला तलवार, सुताराला मोजपट्टी. या सन्मानातला नेमकेपणा मला आवडतो.

या घराण्याचा इतिहास रतनजी अर्देशीर वाडिया यांनी १९५५मध्ये पुस्तकरूपानं मांडला. तो लिहिता आला, कारण कंपनी पगार देत होती आणि पगाराची वही ठेवत होती. विजयदुर्गच्या सुतारांच्या वाट्याला अशी वही आली नाही. पण मुंबईतही नावं टिकली ती मुख्य बांधणाऱ्यांची. त्यांच्या हाताखालचे शेकडो सुतार, लोहार, पाल शिवणारे तिथंही निनावीच राहिले.

आणि नाव टिकलं की अभिमानही टिकतो, अभिमानाबरोबर थापाही. वाडियांबद्दल एक फॉरवर्ड असा फिरतो: अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या 'मिंडेन' जहाजावर लिहिलं गेलं. 'मिंडेन' १८१०मध्ये मुंबईत बांधलं गेलं, हे खरं. पण सप्टेंबर १८१४मध्ये बाल्टिमोरवर तोफा डागल्या जात असताना फ्रान्सिस स्कॉट की हा कवी युद्धबंदीच्या निशाणाखाली आलेल्या अमेरिकन जहाजावर होता. 'मिंडेन' तिथं असल्याचं इतिहासकार मानत नाहीत. मुंबईच्या सुतारांना मोठं ठरवायला अमेरिकेच्या राष्ट्रगीताची शिफारस लागते, हेच मुळात केविलवाणं आहे.

जी गोष्ट शंभर टक्के खरी आहे, ती मात्र फॉरवर्ड होत नाही. १८१३मध्ये मुंबईत बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. पहिलं अफूयुद्ध हरलेल्या चीननं त्या तहानं हाँगकाँग ब्रिटिशांना दिलं. मुंबईच्या गोदीतली कारागिरी अव्वल होती. ती कुणाच्या कामी आली, हा प्रश्न त्या कारागिरीला कमी करत नाही, पण टाळताही येत नाही. गोदीचा इतिहास लिहायचा तर दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहाव्या लागतील.

जे जहाज वाचलं

मुंबईत बांधलेलं एक युद्धजहाज आजही पाण्यावर आहे. ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल या गावी आहे. नाव 'ट्रिंकोमाली'. १८१६मध्ये बांधायला घेतलं, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडलं. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. लाकूड मलबारचा साग. इंग्लंडमध्ये तेव्हा ओकची टंचाई होती, आणि साग कुजायला व किडायला ओकपेक्षा जास्त दमवतो.

या जहाजाचे नकाशे पहिल्यांदा 'जावा' नावाच्या ब्रिटिश जहाजातून मुंबईला निघाले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकन युद्धनौकेनं 'जावा'ला हरवलं. नकाशे गेले, नव्यानं पाठवावे लागले. गंमत अशी की 'कॉन्स्टिट्यूशन' आज बॉस्टनमध्ये तरंगते आहे आणि 'ट्रिंकोमाली' हार्टलपूलमध्ये.

'ट्रिंकोमाली' टिकली कशी? लढाईतल्या पराक्रमानं नाही. ती तयार होईपर्यंत नेपोलियनशी युद्धच संपलं होतं. इंग्लंडला पोचल्यावर कित्येक वर्षं ती नुसती बांधून ठेवली गेली. १८४७ ते १८५७ या काळात अमेरिकेच्या किनाऱ्यांवर आणि प्रशांत महासागरात तिनं सेवा केली. मग ती प्रशिक्षणाचं जहाज झाली. १८९७मध्ये भंगारात निघाली, तेव्हा व्हीटली कॉब या गृहस्थानं ती विकत घेतली, नाव बदललं आणि मुलांना समुद्राचं शिक्षण द्यायला वापरली. १९८६पर्यंत ती एक प्रकारची शाळाच होती. १९८७मध्ये तिला हार्टलपूलला आणलं, १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं दुरुस्ती चालली, मूळ नाव परत मिळालं.

आणि हार्टलपूलच का? जहाजबांधणीचं ते जुनं गाव. तिथले कारखाने बंद पडलेले होते. पण १९७९ ते १९८७ या काळात 'वॉरियर' या दुसऱ्या जुन्या जहाजाचं काम तिथं झालं होतं, आणि जुनी जहाजं दुरुस्त करता येणारी माणसं तिथं तयार होती. म्हणजे गोदी गावातून गेली, पण हात शिल्लक होते.

तिकडच्या सांगण्यातही खोट आहे. अँड्र्यू लॅम्बर्ट या नामवंत नौदल-इतिहासकाराच्या 'ट्रिंकोमाली'वरच्या पुस्तकाचं उपशीर्षक तिला 'नेल्सनच्या फ्रिगेटांपैकी शेवटची' म्हणतं. नेल्सन १८०५मध्ये ट्रफाल्गरला मेला. जहाज पाण्यात उतरलं बारा वर्षांनी. आराखडा जुन्या धाटणीचा, एवढ्यापुरतं ते शीर्षक समर्थनीय आहे. पण ज्यानं हे जहाज कधी पाहिलं नाही त्याचं नाव पाटीवर, आणि ज्यानं बांधलं त्याचं नाव आत. सेनापतीचा मोह फक्त मराठी माणसाला आहे असं समजायचं कारण नाही.

फरक एवढाच की तिथं जहाज समोर आहे. शीर्षक काहीही असो, त्यातला बराचसा साग मूळचा आहे, आणि तो हात लावून पाहता येतो. शीर्षकाशी भांडायला पुरावा उभा आहे.

'कॉन्स्टिट्यूशन'ची गोष्ट आणखी बोलकी आहे. अमेरिकी नौदलानं तिच्या दुरुस्तीसाठी समुद्रापासून दूर, इंडियाना राज्यातल्या क्रेन इथं ओक वृक्षांची राई राखून ठेवली आहे. तिची फळी बदलायची वेळ आली की झाड तिथून येतं. आज्ञापत्रातल्या त्या उताऱ्याचा अर्थ ज्यांना आपोआप समजला असता, अशी ही माणसं.

टँक आणि टाकी

आता आपल्याकडे येऊ. पहिली 'विक्रांत' १९४३मध्ये ब्रिटनमध्ये बांधायला घेतलेली, १९५७मध्ये भारतानं विकत घेतलेली, ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेली. १९७१च्या युद्धात तिच्यावरच्या विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या बंदरांवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. मग मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून काही वर्षं लोकांनी ती पाहिली. २०१२मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ते बंद झालं. २०१४मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथं परवानगी मिळाल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दारुखान्यात ती तोडायला घेतली.

तेव्हा खूप हळहळ झाली. सह्यांच्या मोहिमा झाल्या. पुढं २०१६मध्ये तिच्या धातूपासून मुंबईत एक स्मारक उभं राहिलं आणि त्याच वर्षी बजाजनं तिच्या पोलादाचा अंश पेट्रोलच्या टाकीत असलेली 'व्ही' ही मोटरसायकल आणली. आमच्या गावातही ती बरीच दिसली. चालवणाऱ्यांचा अभिमान खोटा नव्हता. मला खटकतं ते वेगळंच. एवढं मोठं जहाज जपणं म्हणजे दर वर्षी खर्च, दर काही वर्षांनी गोदी, कायमची माणसं. तो हिशोब कुणी शेवटपर्यंत केला नाही. आपण 'विक्रांत'ला स्मारक म्हटलं आणि स्मारक म्हटलं की ते आपलं आपण उभं राहतं, असं गृहीत धरलं. पाण्यावर काहीच आपलं आपण उभं राहत नाही.

याच्या उलट उदाहरण माझ्या गावात आहे. नगरचं रणगाडा संग्रहालय १९९४मध्ये सुरू झालं. पकडलेला पॅटन आहे, सेंच्युरियन आहे, आपला विजयंता आहे. 'पीटी-७६'सुद्धा आहे, पाण्यावर तरंगणारा रणगाडा. डब्यासारखा तरंगतो म्हणून त्याला जवान 'पिप्पा' म्हणायचे. समुद्रापासून एवढ्या लांब आमच्याकडे जपलेली तरंगणारी युद्धवस्तू ती एवढीच! हे संग्रहालय टिकलं आहे, याचं कारण नगरकरांचं इतिहासप्रेम असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं कारण शेजारी आहे. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथंच आहे. रणगाड्याला काय लागतं हे ज्यांना कळतं, ती माणसं रोज त्याच रस्त्यानं जातात. अर्थात रणगाडा जमिनीवर उभा असतो, बुडत नाही, त्यामुळे त्यांचं काम 'विक्रांत'च्या मानानं सोपं. तुलना तेवढी सांभाळूनच करायला हवी. पण हार्टलपूलचा आणि नगरचा धडा एकच निघतो: वस्तू तिथं टिकते, जिथं तिची डागडुजी येणारी माणसं असतात.

मग काय मागायचं?

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीमध्ये नवी 'विक्रांत' नौदलात आली. त्याच दिवशी नौदलाला नवा ध्वज मिळाला, महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन त्यावर आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणच्या राजकोटावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्यावर जे राजकारण व्हायचं ते झालं. मला त्यात एकच गोष्ट दिसली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वस्तू कशी टिकवायची, हे ज्या आरमाराला रोज सोडवावं लागणारं कोडं होतं, त्याच आरमाराच्या नावानं उभी केलेली वस्तू पहिला पावसाळा ओलांडू शकली नाही. दुसरा, आणखी उंच पुतळा उभा करून हे कोडं सुटत नाही.

कोडं सुटतं कसं, याचं उदाहरणही नौदलाकडेच आहे. २१ मे २०२५ रोजी कारवारला 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज नौदलात दाखल झालं. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून ते बेतलं आहे. फळ्यांना खिळे नाहीत, त्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या आहेत. चित्रानं फक्त आकार दिला. फळ्या कशा शिवायच्या हे भिंतीवर लिहिलेलं नव्हतं. ते केरळच्या बाबू शंकरन आणि त्यांच्या सहकारी कारागिरांच्या हातात होतं. जहाज गोव्यात बांधलं गेलं. ते हात आणखी एका पिढीनंतर शोधले असते, तर बहुधा सापडले नसते.

कोकणातही लाकडी होड्या बांधणारे सुतार होते, काही आहेत. फायबरच्या होड्या आल्या तसं त्यांचं काम आटत चाललं. विजयदुर्गच्या खाडीत एक गुराब किंवा एक गलबत पुन्हा बांधायला घ्यावं, असं मला वाटतं. कागदपत्रांतून आकार घ्यावा, हात या माणसांकडून घ्यावेत, आणि जे ठाऊक नाही ते बांधता बांधता शोधावं. त्याआधी गोदीतला गाळ काढावा, तिची मोजणी करावी, तिथं एक साधी पाटी लावावी आणि त्या पाटीवर कुठल्याही सरदाराचं नाव पहिल्या ओळीत असू नये. हे काम पुतळ्याइतकं उंच दिसणार नाही. फोटोत तर अजिबात चांगलं येणार नाही, कारण गोदी म्हणजे शेवटी चिखल, खडक आणि भरतीचं पाणी.

पुढच्या पाच जूनला तो उतारा तुमच्या ग्रुपवर पुन्हा येईल. पाठवणाऱ्याला टोकू नका, उतारा चांगलाच आहे. फक्त खाली एक ओळ लिहा, की हे जहाज बांधणाऱ्यांसाठी लिहिलं होतं. मग कुणीतरी विचारेल, कुठं बांधायचे? त्याला वाघोटन खाडीचा नकाशा पाठवा.